चार हजार भरले नाहीत, म्हणून रिपोर्ट साफ झाला

“मॅडम, चार-साडेचार हजारांचा तर प्रश्न आहे. भरून टाका आणि मोकळ्या व्हा.”

या पावसाळ्यात हे वाक्य मी बँकेच्या फोनवरच्या मुलीकडून ऐकलं, कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाकडून ऐकलं, ऑफिसातल्या दोघांकडून ऐकलं आणि काळजीपोटी आमच्या मोठ्या जाऊबाईंनीही तेच सांगितलं. मी पैसे भरले नाहीत. भरले असते तर क्रेडिट कार्डाची जी थकबाकी माझी नव्हतीच ती माझ्या नावावर कायम झाली असती, आणि क्रेडिट रिपोर्टवरचा, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदींवरचा, डाग पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला असता. हे सगळं मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ‘भरून टाका’ हा सल्ला ऐकून गप्प बसलेली माणसं मला आता रोज भेटायला लागली आहेत.

आधी कार्डाची हकिकत. मी ऐरोलीला नोकरीला होते तेव्हा सॅलरी अकाउंटबरोबर हे क्रेडिट कार्ड मिळालं. स्टेटमेंट कंपनीच्या ईमेलवर यायचं आणि मेसेज कंपनीनं दिलेल्या सिमवर. २०२२ च्या जुलैमध्ये ती नोकरी सोडून मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्सला लागले. सोडताना कार्डाची सगळी बाकी भरली, बंद करण्याचा लेखी अर्ज दिला, आणि ऑगस्टमध्ये कळव्याच्या घरच्या पत्त्यावर बँकेचं पत्र आलं: आपलं कार्ड खातं बंद करण्यात आलं आहे, येणे बाकी शून्य. ते पत्र मी फाइलला लावलं. दिवसभर व्हाउचरं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून असा कागद टाकून दिला जात नाही.

मग २०२३ च्या फेब्रुवारीत त्या बंद खात्यावर वार्षिक फी लागली. ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. बिल गेलं बंद पडलेल्या ईमेलवर, आठवण करून देणारे मेसेज गेले कंपनीला परत केलेल्या सिमवर. मला काहीच कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. बिल भरलं गेलं नाही म्हणून उशिराचा दंड, दंडावर जीएसटी, थकीत रकमेवर व्याज, पुढच्या महिन्यात पुन्हा दंड. मी नंतर पूर्ण लेजर मागवून बसले आणि ओळीन् ओळ बेरीज केली. सप्टेंबर २०२३ ला तो आकडा ४,८७३ झाला होता आणि बँकेनं खातं राइट-ऑफ केलं होतं, म्हणजे वसूल न होणारी बाकी म्हणून बुडीत खाती टाकलं होतं. मूळ फी पाचशे, तीही लागायलाच नको होती.

हे कळलं जून २०२५ मध्ये. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला एक रिसेलचा टू बीएचके आम्हाला पसंत पडला. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, शिवाय घर माझ्या नावावर व्हावं ही माझ्या नवऱ्याचीही इच्छा होती. म्हणून मुख्य अर्जदार मी, सहअर्जदार तो. टोकन दिलं, नौपाड्यातल्या एका बँकेत कागद दिले. तिथल्या कर्ज अधिकाऱ्यांनी दोन दिवसांनी बोलावलं आणि काही न बोलता मॉनिटर माझ्याकडे वळवला.

क्रेडिट स्कोअर ६१८. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि बँकांना साधारण साडेसातशेच्या वर हवा असतो, एवढं मला माहीत होतं. पण स्कोअरपेक्षा मला खाली दिसला तो चौकोनांचा तक्ता. प्रत्येक महिन्याला एक चौकोन आणि त्यात हप्ता किंवा बिल किती दिवस थकलंय त्याचा आकडा. याला डीपीडी म्हणतात, डेज पास्ट ड्यू. माझ्या दुचाकीच्या जुन्या कर्जाच्या रांगेत सगळीकडे ०००. आणि या कार्डाच्या रांगेत मार्च २०२३ ला ०२३, एप्रिलला ०५३, मग ०८४, ११४, १४५, १७६, आणि सप्टेंबरला २०६. ज्या माणसानं आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही त्याच्या नावापुढे हे आकडे असे चढत गेलेले बघणं किती लागतं ते मी सांगू शकत नाही. शेवटी ‘रिटन-ऑफ’ असा शेरा.

ते अधिकारी चांगले होते. म्हणाले, “ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, पण आमची सिस्टीम ठेवणार नाही. हे जोवर आहे तोवर फाइल पुढे जाणार नाही.”

इथून पुढचं नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

राइट-ऑफ झालेल्या खात्यावर तुम्ही पूर्ण रक्कम भरली की बँक खातं बंद दाखवते, पण ‘राइट-ऑफनंतर बंद’ असं दाखवते. कमी रकमेत तडजोड केली तर शेरा येतो ‘सेटल्ड’. ऐकायला हा शब्द बरा वाटतो, पण कर्ज देणारी बँक त्याचा अर्थ असा घेते की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, धनकोला पाणी सोडावं लागलं. आणि दोन्ही प्रकारांत ते मागचे चौकोन, ती ०२३ ते २०६ ची रांग, जशीच्या तशी राहते. पैसे भरणं म्हणजे थकबाकी खरी होती हे कबूल करणं. ज्यांनी खरंच खर्च केला आणि भरला नाही, त्यांनी भरावेच. पण ज्याचं देणं नव्हतं त्यानं ‘कटकट नको’ म्हणून भरले, की पुढे भांडायला त्याच्या हातात काही उरत नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार की ही चूक होती?

मला बँकेकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या आणि त्या तिन्ही स्वतंत्रपणे मागाव्या लागतात. एक, लावलेली फी, दंड, व्याज, सगळं उलटं फिरवून खातं शून्यावर आणणं. दोन, राइट-ऑफचा शेरा काढून खातं ऑगस्ट २०२२ लाच बंद झाल्याचं दाखवणं. तीन, मार्च ते सप्टेंबर २०२३ च्या प्रत्येक महिन्याची माहिती दुरुस्त करून चारही क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, पुन्हा पाठवणं. तिसरी मागणी कुणी आपणहून करत नाही आणि बँक आपणहून देत नाही.

चार ब्युरो म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, कारण सिबिल सर्वांत जुनं, २००० सालचं. पण बँकांना चौघांचंही सदस्य व्हावं लागतं आणि चौघांनाही माहिती द्यावी लागते. म्हणून एकाच ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. दर वर्षी प्रत्येक ब्युरोकडून स्कोअरसकट एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या वेबसाइटवर आधी पैसे घेणारे प्लॅन दिसतात, फुकटच्या रिपोर्टची लिंक जरा शोधावी लागते, पण असते. मी त्या रात्री चारही रिपोर्ट काढले. दोघांकडे राइट-ऑफ होतं, एकाकडे नुसती थकबाकी होती आणि एकाकडे तर रक्कमच वेगळी होती.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. ब्युरो स्वतः काहीही बदलू शकत नाही. बँकेनं पाठवलं ते तो ठेवतो. तुम्ही ब्युरोच्या वेबसाइटवर वाद नोंदवला की तो बँकेला विचारतो, बँक ‘माहिती बरोबर आहे’ म्हणाली की विषय संपला. मार्कशीट छापणाऱ्याकडे जाऊन मार्क बदलून मिळत नाहीत, तसंच हे. तरीही ब्युरोकडे वाद नोंदवायचाच. नोंदवला की त्या खात्यावर ‘वादग्रस्त’ असा शेरा लागतो आणि घड्याळ सुरू होतं. रिपोर्टच्या वरच्या बाजूला असलेला कंट्रोल नंबर तेव्हा लागतो, तो आधी लिहून ठेवा.

घड्याळ म्हणजे काय, तर क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा २००५ चा कायदा आहे, त्याच्या २१ व्या कलमात ग्राहकाला माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिलाय. त्यावर रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं, ते एप्रिल २०२४ पासून लागू झालं. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. या ३० पैकी पहिले २१ दिवस बँकेचे, म्हणजे तेवढ्यात तिनं सुधारित माहिती ब्युरोला पाठवायची. उरलेले दिवस ब्युरोचे. ज्याच्याकडून उशीर झाला त्यानं भरपाई द्यायची, आणि तक्रार मिटल्यापासून पाच कामाच्या दिवसांत ती खात्यात जमा करायची. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही. पण हा नियम तक्रारीत लिहिला की तुमच्या मेलकडे बघण्याची पद्धत बदलते, हे मी स्वतः अनुभवलं.

जूनच्या शेवटी मी बँकेला मेल केला. पहिलं उत्तर छापील: आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, नोंदींनुसार ४,८७३ रुपये येणे आहे, कृपया भरावेत. जोडलेलं पत्र कुणी उघडूनही बघितलं नव्हतं. शाखेत गेले तर म्हणाले, कार्डाचा विभाग वेगळा, आमच्या हातात काही नाही. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट. तिथेच ते ‘भरून टाका’ सुरू झालं. एकानं तर चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं की दीड हजारात सेटलमेंट करून देतो.

मी फोन बंद केले. म्हणजे फोनवर बोलणंच बंद केलं, फक्त लेखी. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा, ईमेल असतो. त्यांना लिहिलेल्या मेलचा मजकूर इथे देते. मी तो इंग्रजीत पाठवला होता, पण मुद्दे हेच:

“माझं कार्ड खातं आपल्या अमुक तारखेच्या पत्रानं बंद झालं आहे, पत्र सोबत जोडलं आहे. त्यानंतर लावलेली कोणतीही रक्कम मला मान्य नाही आणि मी ती भरणार नाही. आपण या खात्यावर ब्युरोंना दिलेली माहिती चुकीची आहे. खालील महिन्यांची डीपीडी, खात्याची स्थिती आणि बंद झाल्याची तारीख दुरुस्त करून चारही ब्युरोंना पाठवावी आणि पाठवल्याचं लेखी कळवावं. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी मला सात दिवसांची नोटीस दिल्याचा पुरावा द्यावा. तक्रारीची पहिली तारीख अमुक आहे, ३० दिवसांनंतरच्या विलंबासाठी माझा खाते क्रमांक देत आहे.”

या सात दिवसांच्या नोटिशीबद्दल थोडं सांगते. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल तेव्हा रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे सविस्तर निर्देश होते, १ जुलै २०२२ पासून लागू. मी अर्ज केला तेव्हा ते लागू झाले होते, हे माझं नशीब. त्यात म्हटलंय की ग्राहकाला थकबाकीदार म्हणून ब्युरोला कळवण्याआधी सात दिवसांची नोटीस द्यायची. रक्कम तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय थकीत म्हणून कळवायची नाही. ज्या कार्डावर वाद सुरू आहे त्याबाबत विशेष काळजी घ्यायची आणि वाद मिटल्यावरच थकबाकीची माहिती द्यायची. आणि बाकी नसलेलं कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. रिझर्व्ह बँकेचे निर्देश तिच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी असतात. भाषा किचकट आहे, पण अर्धा तास काढून वाचा. समोरचा माणूस ‘आमच्या पॉलिसीप्रमाणे’ म्हणतो तेव्हा त्याच्या पॉलिसीच्या वर काय आहे ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

नोडल अधिकाऱ्यांचं उत्तर आलं. फी आणि दंड उलटे फिरवले, गैरसोयीबद्दल दिलगिरी, खातं ‘क्लोज्ड’ केलं आहे. घरात सगळ्यांना आनंद झाला. नवऱ्यानं गोखले रोडवरून पेढे आणले. मी मात्र पुढच्या पंधरवड्यात ब्युरोचा रिपोर्ट पुन्हा काढला. बँकांना २०२५ च्या जानेवारीपासून महिन्यातून दोनदा, पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची माहिती पाठवावी लागत होती, त्यामुळे फार वाट बघावी लागली नाही. रिपोर्टात बाकी शून्य होती. स्थिती क्लोज्ड होती. आणि चौकोन तसेच. ०२३, ०५३, ०८४. राइट-ऑफची रक्कमही एका कोपऱ्यात तशीच.

स्कोअर थोडा वर आला होता, पण नौपाड्याच्या अधिकाऱ्यांनी मान हलवली. “हिस्टरी दिसतेय ना ताई.”

म्हणून सांगते, ‘दुरुस्त केलं’ या मेलवर थांबू नका. नवा रिपोर्ट काढा, जुना शेजारी ठेवा, आणि चौकोन चौकोन जुळवा. मी दोन्हींची प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, लाल पेनानं चुकीचे सात महिने गोल केले, त्याचा फोटो काढून पुन्हा नोडल अधिकाऱ्यांना पाठवला. खाली फक्त एक ओळ लिहिली: खातं ऑगस्ट २०२२ ला बंद झालं असेल तर मार्च २०२३ ला ते २३ दिवस थकीत कसं?

या ओळीला उत्तर आलं नाही. तोवर ३० दिवस उलटून गेले होते. मग मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले. ‘गेले’ म्हणजे कुठे जावं लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना चंदीगडच्या केंद्राला पत्र पाठवता येतं, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फी नाही, वकील नको. अट एवढीच की आधी बँकेकडे तक्रार केलेली असावी आणि ३० दिवसांत उत्तर आलेलं नसावं किंवा आलेलं पटलेलं नसावं. मी तक्रार केली तेव्हा ही योजना २०२१ ची होती, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही तिच्या कक्षेत आले. म्हणजे बँकेनं काम केलं आणि ब्युरो बसून राहिला, तरी तक्रार करता येते. मी बंद केल्याचं पत्र, दोन्ही रिपोर्ट, सगळे मेल तारखेप्रमाणे लावून एकच पीडीएफ केली. तारखेप्रमाणे लावणं फार महत्त्वाचं. वाचणाऱ्याला पाच मिनिटांत गोष्ट कळली पाहिजे.

मधल्या काळात एका माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. ज्यांचा फ्लॅट आम्ही घेत होतो ते काका निवृत्त शिक्षक. टोकनची मुदत संपत आली तेव्हा त्यांना दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, आमच्यापेक्षा जास्त देणारं. मी त्यांना सगळे कागद दाखवायला कासारवडवलीला गेले. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर पाऊस आणि ट्रॅफिक दोन्ही अडकलेले, पोचायला रात्र झाली. काकांनी चष्मा लावून ते पत्र वाचलं, मग रिपोर्टमधले लाल गोल बघितले, आणि म्हणाले, “तुम्ही बरोबर आहात, मग मी थांबतो. गणपती होऊ दे.” मुदत वाढवून दिली, लेखी. त्या रात्री टीएमटीच्या बसमध्ये मला रडू आलं. इतक्या दिवसांत मी बरोबर आहे हे स्पष्टपणे म्हणणारे ते पहिले होते.

आता एजंटांबद्दल. ठाणे स्टेशनला पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे बसच्या उंच पुलाच्या, खाली उभं राहिलं की ‘सिबिल खराब? पंधरा दिवसांत दुरुस्त’ असे कागद हातात पडतात. आमच्या ऑफिसातल्या एकानं मला अशाच एकाचा नंबर दिला. त्यानं आठ हजार मागितले, आणि पॅन, आधार, आणि ‘मी सांगेन तेव्हा ओटीपी’. कृपा करून हे करू नका. तो जे करणार ते तुम्ही फुकट करू शकता, आणि जे तुम्ही करू शकत नाही ते त्यालाही करता येत नाही. वर त्याच्या हातात तुमचा पॅन आणि ओटीपी गेला तर उद्या तुमच्या नावावर दुसरंच कर्ज निघायचं. तुमचा रिपोर्ट कुणी बघितला की ब्युरोंनी मेसेज किंवा ईमेल पाठवायचा असतो, त्यासाठी ब्युरोकडे तुमचा चालू मोबाइल नंबर असायला हवा. तुम्ही कुठेच अर्ज केलेला नसताना असा मेसेज आला तर लगेच चौकशी करा. खरोखर कुणी तुमच्या नावावर कार्ड काढलं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर बँकेला आणि ब्युरोला द्या. नुसतं ‘हे माझं नाही’ म्हणण्यापेक्षा त्याला वजन येतं.

माझी गोष्ट ऐकून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा रिपोर्ट काढून मागितला. त्यांच्यात दुसऱ्याच बाईचं कार्ड होतं. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीखही जवळची, पत्ता मात्र पुण्याचा. असं झालं तर रिपोर्टमधला वैयक्तिक माहितीचा भाग आधी बघा: किती पत्ते, किती फोन नंबर, कोणता पॅन. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत ही गल्लत जास्त होताना दिसते, माहेरच्या नावाचं एक खातं, सासरच्या नावाचं एक. अशा वेळी ‘खातं माझं नाही’ हा पर्याय निवडून वाद नोंदवायचा आणि पॅनची प्रत जोडायची. काकूंचं काम माझ्यापेक्षा लवकर झालं, कारण पॅन जुळतच नव्हता.

ऑफिसमधल्या आमच्या स्टोअर्सच्या मुलाची तक्रार आणखी वेगळी. मॉलमध्ये कुणीतरी सही घेतली, कार्ड घरी आलं, त्यानं पाकीट उघडलं पण कार्ड चालू केलंच नाही. तरी रिपोर्टात ते दिसत होतं. त्याच २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट लिहिलंय की ग्राहकानं चालू न केलेल्या नव्या कार्डाची माहिती ब्युरोला द्यायचीच नाही. आणि ३० दिवस चालू न केलेलं कार्ड चालू करण्यासाठी ओटीपीनं संमती घ्यायची, संमती मिळाली नाही तर विनाशुल्क बंद करायचं. त्याला मी तो परिच्छेद छापून दिला. पुढचं त्यानं स्वतः केलं.

लोकपालाकडे तक्रार गेल्यावर बँकेतून जो फोन आला तो वेगळा होता. माझं नाव घेऊन, गोष्ट आधीच वाचून आलेल्या बाई. “कोणते महिने दुरुस्त करायचेत ते एकदा सांगता का, म्हणजे पुन्हा राहायला नको.” मी मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचे सगळे वाचून दाखवले आणि फोन ठेवल्यावर तेच मेलनं पाठवले. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं: आकारणी चुकीनं झाली, चारही ब्युरोंना सुधारित माहिती पाठवली आहे. ‘चुकीनं झाली’ हे शब्द मला महत्त्वाचे होते. ते पत्र आता ऑगस्ट २०२२ च्या पत्राच्या मागे लावलंय. ३० दिवसांनंतरच्या विलंबाची भरपाईही खात्यात आली, ती मात्र मला एकदा आठवण करून मागावी लागली.

चौकोन गेले. त्या रांगेत ऑगस्ट २०२२ नंतर काहीच उरलं नाही. तीन ब्युरोंकडे नवरात्राच्या आत झालं, चौथ्याकडे पुन्हा वाद नोंदवावा लागला, तिथे बँकेच्या पत्राची प्रत जोडल्यावर झालं. स्कोअर ७७१. दसऱ्याच्या सुमारास कर्ज मंजूर झालं, काकांबरोबर करारनामा नोंदवून झाला.

स्कोअर का इतकाच, जास्त का नाही, अशी तक्रार मात्र करू नका. स्कोअर कसा काढायचा ते ब्युरोचं गणित असतं, त्यावर भरपाईचा नियम लागत नाही. तक्रार माहितीवर करायची: ही तारीख चूक, ही रक्कम चूक, हा महिना चूक. आणि कार्ड बंद करत असाल तर बंद झाल्याचं पत्र मागाच, त्याआधी बँकेत आपला खासगी ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नोंदवा, आणि दोन-तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये ते खातं बंद दिसतंय का ते बघा.

जानेवारीत सगळ्यांना पुन्हा फुकटचा रिपोर्ट मिळेल. सासऱ्यांचा काढायचाय, त्यांचं पेन्शन खात्यावरचं एक जुनं कार्ड आहे आणि त्याचा कागद सापडत नाहीये. वरच्या मेलचा इंग्रजी मसुदा कुणाला हवा असेल तर कळवा, नाव आणि महिने बदलून पाठवते.